साडीचोळीतला फोन

न्हाय, मला कुणी पढवून पाठवलेलं न्हाय. माझी मी आलोय, केएमटीच्या बसनं आलोय, आन् तो पंखा बंद करा, मला पंखा सोसत न्हाय. पावणं, तुमी लिवा. मी सांगतो तसं लिवा. मघाशी तुमी ‘सदर महिला’ म्हणून लिवलंसा. ती कोण महिला? मी हाय की हितं समोर. आन् मी ‘आलो’ म्हणलं की ‘आलो’च लिवायचं, त्याचं ‘आले’ करायचं न्हाय. आमच्याकडं बायका असंच बोलत्यात. तुमी लातूरकडचं, तुमाला नवं वाटत असंल, पण जबाब माझा हाय.

नाव तानाबाई हंबीरराव रणदिवे. वय सत्तर धरा. दाखला न्हाय, पण सत्तरच्या अलीकडं कुणी म्हणलं तर मला पटत न्हाय. धंदा शेती, घरकाम आन् म्हशी. शिक्षण चौथी. सही येते, अंगठ्याचं पॅड आत ठेवा. राहणार कसबा बावडा, साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, कोल्हापूर. माहेरबी बावडाच. मला गावातल्या गावात दिली, त्यामुळं माहेरची भांडणं चालत माझ्या दारात येत्यात.

समक्ष हजर राहून सांगतो की, विजयसिंह बिरंजे आन् विश्वजित बिरंजे हे माझे सख्खे भाऊ. मी थोरली, मला आक्का म्हणत्यात. विजयसिंह मधला, विश्वजित धाकटा. क्रांती ही विश्वजितची लेक. ती पोलीस भरतीत निवडली गेलीया. धावण्यात बसली, गोळाफेकीत बसली, पेपरात बसली. आता तुमच्याच लोकांनी तिची चारित्र्य पडताळणी करायची राहिलीया. आन् त्याच वक्ताला तिच्या सख्ख्या चुलत्यानं हितं अर्ज दिलाय, की क्रांतीनं माझं ईमेल चोरून उघडलंय आन् त्यातनं गिऱ्हाइकांना वाट्टेल ते लिवून माझ्या चटणीची बदनामी केलीया. तो अर्ज खोटा हाय. विजय खोटारडा हाय असं म्हणत न्हाय मी. अर्ज खोटा हाय. ती उत्तरं मी लिवलीत.

आता सुरवातीपास्नं सांगतो. मधी इचारू नका, मला मधी इचारलं की राग येतो.

दोघा भावांचं मिळून चटणीचं कांडप होतं. कांदा-लसूण चटणी. आमच्या आईच्या हातची रीत, मीबी लगीन व्हायच्या आदी कांडलीया. पुढं मशीन आलं, बरण्या आल्या, बरण्यांवर आईचा फोटो आला. पुणं, बेंगळूर, परदेशातली मराठी माणसं, समदी ईमेलवर मागणी करायची. ते ईमेलचं खातं क्रांतीनं दहावीत असताना काढून दिलं होतं, म्हणून विजयचा संशय तिच्यावर. गल्ल्यापाशी एक फोन असायचा, त्यात ते खातं. मिरची बघायला विजय, हिशेबाला आन् मशीनला विश्वजित, आन् भाजायला विश्वजितची बायको शालन. खोबरं, तीळ, लसूण किती भाजायचं ते तिच्या हाताला कळायचं. ही गोष्ट लिवा, कारण पुढं लागणार हाय.

मागल्या दिवाळीत भावांचं वाजलं. कशावरनं ते या जबाबात येणार न्हाय. पाडव्याला म्हशी फिरवत्यात तवाची गोष्ट हाय एवढं बास झालं. माणसं तेवढ्यावरनं घर मोडत्यात. मोडलं.

पंच बसलं. चिठ्ठ्या टाकल्या. कांडप, मशीन आन् चटणीचं नाव विजयला. ओढ्याकडची जमीन आन् म्हशी विश्वजितला. कढई, चाळण्या, काटा, पातेली, उलथनी, समद्याची वाटणी. एक झारा शिल्लक राहिला तर पंचांनी दांडा कुणाचा इचारलं, मी म्हणलं घाला तो माझ्या डोसक्यात. शेवटाला तो गल्ल्यावरचा फोन राहिला. विजय म्हणतोय कांडपाचा हाय, माझा. विश्वजित म्हणतोय मी घेतला होता, माझा. जुनाट फोन, काचंला चीर गेलेली, त्याच्यासाठी दोघं उभं राहिलं.

त्याच दिवशी मी हक्कसोडावर सही केली होती. आमच्यात रीत हाय, बहिणीनं माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला की भावांनी तिला साडीचोळी करायची. विजयनं साडी आणली होती, विश्वजितनं खण आणला होता. साडी हिरवी आन् खण तांबडा. एकमेकांला न इचारता आणल्यावर आन् काय व्हणार? मी म्हणलं, खण ठेव तुझा, साडीबी ऱ्हाऊ दे, मला हा फोन द्या साडीचोळीत.  बहिणीला न्हाय कोण म्हणणार? विजयनं त्यातलं कार्ड काढून घेतलं आन् फोन माझ्या हातात ठेवला. ओटी भरल्यागत पदरात घेतला मी. पंच हसलं, भाऊबी हसलं. त्यानंतर दोघांनी एका जागी हसल्यालं मला ठाऊक न्हाय.

कार्ड काढलं म्हंजे फोन मेला अशी विजयची समजूत. चटणीचं खातं त्या फोनमदी उघडंच राहिलंय, ते त्याच्या ध्यानात न्हाय, विश्वजितच्या न्हाय, पंचांच्या न्हाय. झाऱ्याचा दांडा ध्यानात होता.

माझी सून निशिगंधा. तिनं तो फोन घरातल्या वायफायला जोडून दिला, कारण मला कुस्त्या बघायच्या असत्यात. संध्याकाळची धार काढून झाली की मी कुस्त्या बघतो. ह्यो काय गुन्हा न्हाय. तुमी हसू नका पावणं, लिवा.

तर फोनवर पत्रं यायला लागली. इंग्रजीतली मी सोडून द्यायचो. मराठीतली वाचायचो. चटणीचंच इचारत्यात, मला चटणीतलं कळतंय, मग मी उत्तर द्यायचो. माईकचं चित्र दाबून बोललं की आपसूक लिवलं जातंय. मला वाटलं, भावांनी फोन मला दिलाय म्हंजे हे कामबी माझ्याकडंच दिलंय. फुकट कोण काय देतंय?

काय काय लिवलं ते विजयनं अर्जाला छापून जोडलंय, तरी माझ्या तोंडानं सांगतो. एका बाईनं लिवलं, चटणीला बुरशी आली. मी लिवलं, बरणीत ओला चमचा घालत असशील, चमचा पुसत जा. तिनं परत लिवलं, व्हय, चमचा ओला होता. साताऱ्याच्या एका पावण्यांनी लग्नासाठी चटणी मागितली. मी लिवलं, एवढी घालून वऱ्हाड मारायचं हाय काय, निम्मी घ्या. त्यांनी निम्मी घेतली आन् वर आभार मानलं. विजयचं म्हणणं हाय की त्यात त्याचं नुकसान झालं. वऱ्हाड वाचलं ते अर्जात न्हाय.

मग एकानं इचारलं, पहिल्यासारखी चव का न्हाय? मी खरं ते लिवलं. भाजणारी बाई एका वाटणीत गेली, मशीन दुसऱ्या वाटणीत राहिलं. दुसऱ्यानं तेच इचारलं. त्याला लिवलं, घरात भांडण झालंय, मिटलं की कळवतो. यात बदनामी कुठं हाय ते मला दाखवा.

पण गिऱ्हाइकं विजयला फोन करायला लागली. एक म्हणतंय, चमचा पुसतोय हां आता. दुसरं म्हणतंय, भांडण मिटलं का ओ? विजय चक्रावला. त्यानं कुणालाच काय लिवलं नव्हतं. त्याचा पोरगा ऋतुराज पुण्याला असतोय, त्यानं फोनवरनं सांगितलं, खातं हॅक झालंय, पासवर्ड बदला. विजयनं बदलला. पुन्ना गिऱ्हाईक इचारतंय, भांडण मिटलं का. पुन्ना बदलला. बदलून बदलून त्याला स्वतःलाच पासवर्ड ध्यानात राहीना, मग तो ‘विसरलो’ असं दाबायचा.

आन् हिकडं माझ्या फोनवर काय व्हायचं ते ऐका. कुस्ती ऐन रंगात आलेली असायची, आन् मधीच फोन इचारायचा, आत यायचा प्रयत्न तुमीच करताय का? खाली दोन बटणं. एकावर ‘होय, हा मीच आहे’, दुसऱ्यावर ‘नाही, हा मी नाही’. फोन माझा, हातात माझ्या, बघतोय मी. मी न्हाय असं कसं म्हणू? जित्या माणसानं असलं अभद्र बटण दाबायचं? मी ‘होय’ दाबायचो. कुस्ती पुढं सुरू व्हायची.

तुमच्या फौजदार मॅडमनी आज हे ऐकलं आन् त्या टेबलावर डोकं टेकून हसल्या. त्यांनी समजावून सांगितलं तवा मला कळलं की विजय आपल्या नव्या फोनवरनं आत शिरत होता, आन् ह्यो खरंच विजय हाय का म्हणून खातं मला इचारत होतं. मी होय म्हणायचो म्हणून तर तो आत जायचा. तो कुलूप बदलत होता आन् दर बारीला त्याला परवानगी मी देत होतो. मॅडम असं म्हणाल्या ते तुमी लिवलंसा न्हवं? लिवा.

परवा दूध घालायला गेलो तवा संस्थेत कळलं की विजयनं पोलिसात क्रांतीचं नाव घातलंय. मी किटली तितंच ठेवली आन् कांडपावर गेलो. टायम लिवायचा असंल तर दुधाची गाडी गेल्यानंतर. माझ्याकडं घड्याळ न्हाय आन् मला लागतबी न्हाय.

विजय नवा फोन घेऊन बसला होता, चष्मा कपाळावर. मी म्हणलं, “विज्या, त्या पोरीचं नाव कशाला घातलंस?”

तो म्हणला, “आक्का, खातं तिनं काढलंय. पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाय. मग दुसरं कोण असणार?”

“तिची नोकरी जाईल की रं.”

“आदी इचार करायचा होता.”

“तिनं काय केलंय म्हणून इचार करायचा?”

त्यावर तो म्हणला, तुला यातलं कळत न्हाय, हे हॅकरचं काम असतंय, आता बघ मी तुझ्यादेखत पक्कं कुलूप घालतो. बसला बोटं मारत. एवढ्यात माझ्या कमरंच्या पिशवीत फोन थरथरला. माझी सून मला फोन कुठं ठिवू देत न्हाय, हरवून बसता म्हणते, म्हणून तो पिशवीत असतोय आन् कांडपात वायफाय हाय, ते त्याला जुन्या वळखीनं घावतंय. मी फोन काढला. तेच इचारतोय, तुमीच हाय का. म्हणलं व्हय, दाबलं.

विजय मान वर न करताच म्हणला, “बघ, उघडलं. आता कुणाच्या बापाची टाप न्हाय आत यायची.”

मी म्हणलं, “आपला बाप एकच होता, विज्या.”

मग मी माझा फोन त्याच्या नाकासमोर धरला आन् म्हणलं, तुझी समदी पत्रं यात येत्यात, उत्तरं मी दिल्यात. त्यानं नुसतं बघितलं आन् म्हणला, तो जुना फोन हाय, त्यात कार्ड न्हाय, त्यात काय येणार? पोरीला वाचवायला खोटं बोलू नको. ह्ये त्यानं माझ्या तोंडावर म्हणलं. खरं सांगायला आलेली बहीण मी, आन् मी खोटं बोलतोय. मी तितनं उठलो. पाणीबी प्यालो न्हाय.

म्हणून आज हितं आलो. दुसऱ्या कुणाला सांगून उपेग नव्हता. विश्वजितला सांगितलं असतं तर तो काठी घेऊन गेला असता आन् मग क्रांतीच्या जोडीला बापाचंबी नाव लागलं असतं.

मॅडमनी विजयला फोन करून बोलावून घेतलं. तो आला. क्रांतीलाबी जबाबाला बोलावलं होतं, ती बाहेर बाकड्यावर बसली होती. पळायचं बूट तसंच पायात, मैदानावरनं सरळ आलेली. विजय तिच्याम्होरनं आत आला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं न्हाय. मी बघितलं.

मॅडमनी माझा फोन ठाण्यातल्या वायफायला जोडला आन् दोन्ही फोन टेबलावर ठेवले. विजयला म्हणाल्या, आमच्यासमोर पासवर्ड बदला. त्यानं बदलला. कुणी बघू ने म्हणून हाताचा आडोसा करून बदलला. मग मॅडमनी आपल्या फोनवरनं त्या खात्यावर नुसतं ‘नमस्कार’ एवढं पाठवलं. आदी माझा फोन वाजला. त्याचा मागनं वाजला.

विजयच्या तोंडाकडं मी बघितलं न्हाय. माझ्या पाठचा भाऊ हाय, चारचौघात त्याच्या तोंडाकडं काय बघायचं.

मॅडमनी त्याला सांगितलं ते असं. पासवर्ड दारात इचारत्यात. जो पहिल्यापास्नं आत बसलाय त्याला दर बारीला कुणी इचारत न्हाय. बाकीचे फोन कधी कधी बाहेर काढले जात्यात, पण ज्या फोनला खातं स्वतःच वळख इचारतंय, तो घरचा धरत्यात, त्याला बाहेर घालवत न्हाईत. त्याला घालवायचं तर खात्यात एक जागा असती, तितं कुठले कुठले फोन आत हाईत ते दिसत्यात, त्यातनं त्याला नाव घेऊन काढावं लागतंय. विजयनं ती जागा उघडली. तितं दोन फोन. त्याचा नवा आन् माझा हा चिरलेला. दोन्हीच्या खाली कोल्हापूर.

विजय म्हणला, हे मी पूर्वी बघितलं होतं, पण कोल्हापूर लिवलंय म्हणल्यावर आपलाच वाटला.

मी म्हणलं, आपलाच हाय की.

मग तो जुना फोन तितनं काढायला निघाला. मी फोनवर हात ठेवला. म्हणलं, थांब. यात माझी समदी उत्तरं हाईत, हाच पुरावा हाय. आदी लिवून दे. क्रांतीचा यात संबंध न्हाय, माझा तिच्यावर संशय न्हाय, अर्ज गैरसमजातनं दिला, असं लिवून दे, सही कर, मॅडमनी शिक्का मारू दे, मग काय काढायचं ते काढ. विजय म्हणला, लिवतो की आक्का, कुठं पळून चाललोय? मी म्हणलं, पळून जाणाऱ्याची मला भीती न्हाय, बसून ऱ्हाणाऱ्याची हाय. मॅडमनी सांगितलं की अजून गुन्हा नोंद झालेला न्हाय, नुसता अर्ज होता, यानं लिवून दिल्यावर तो निकाली निघंल आन् पोरीच्या पडताळणीत काय येणार न्हाय. मी त्यांना तीच गोष्ट दोनदा सांगायला लावली. त्यांनी सांगितली. रागावल्या न्हाईत. चांगल्या हाईत.

विजयनं लिवून दिलं. वाचून बघितलं मी. ‘क्रांती’ नुसतं लिवलं होतं, मी म्हणलं पुढं ‘माझी पुतणी’ लिव. त्यानं लिवलं.

सही झाली तेवढ्यात माझ्या फोनवर पत्र आलं. बेळगावची बाई. तिनं लिवलं होतं, तुमची पहिली चटणी पुन्हा कधी मिळेल ते कळवा, तवाच मागवेन, आताची नको. सवयीनं मी माईकचं बटण दाबायला लागलो.

विजय म्हणला, “आक्का, हे राहू दे. मी लिवतो.”

मी म्हणलं, लिव तुझ्या फोनवरनं.

तो म्हणला, “न्हाय. तुझा दे.”

दिला. लय वेळ लिवत होता. एका बोटानं लिवतोय, खोडतोय, पुन्ना लिवतोय. तुमी त्याला चहा दिलासा, तो निवला. मॅडम दुसऱ्या कामाला उठून गेल्या. लिवून झाल्यावर त्यानं पत्र पाठवलं न्हाय. फोन तसाच हातात घेऊन बाहेर गेला आन् बाकड्यावर क्रांतीच्या शेजारी बसला. मधी एका माणसाची जागा सोडून बसला. फोन तिच्यापुढं धरला. तिनं वाचलं. मग पाठवायचं बटण तिनं दाबलं, त्यानं न्हाय. आन् मग तिनं आपल्या फोनवरनं शालनला, म्हंजे तिच्या आईला, फोन लावून विजयच्या हातात दिला.

माझा फोन मला परत मिळाला. चटणीचं खातं आता त्यातनं काढलंय, मॅडमनी खात्री करून दिली. कुस्त्या दिसत्यात, त्यापण बघून घेतल्या.

तुमी आता समदं मोठ्यानं वाचून दाखवलंसा. मी सांगितलं तसंच हाय. दोन ठिकाणी तुमी ‘आले’ लिवलं होतं, ते खोडून माझ्या डोळ्यांदेखत ‘आलो’ केलंसा, म्हणून आता बरोबर हाय असं म्हणतो आन् खाली सही करतो. जबरदस्ती कुणी केली न्हाय, माझ्यावर कुणी करतबी न्हाय.

आन् पावणं, तुमी परत परत इचारताय, जबाबात आलं पाहिजे म्हणताय, की विजयसिंहनं त्या पत्रात काय लिवलं. मी वाचलंय. मराठीत होतं, मला वाचता आलं. पण ते पत्र बेळगावच्या बाईला हाय, पोलीस ठाण्याला न्हाय. सांगणार न्हाय. पेन ठेवा खाली.

सही: तानाबाई हंबीरराव रणदिवे